एका ताग्यातला माणूस

कुठल्याही घरातला लग्नाचा अल्बम काढा, १९७८चा काढा नाहीतर परवाचा, त्यात एक माणूस सापडतोच. पंगतीच्या टोकाला, नाहीतर वाढप्याच्या मागे. पांढऱ्या कापडावर बारीक करडी रेघ असलेला अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, राखाडी पॅण्ट, पायांत कोल्हापुरी, खिशाला निळं पेन. आजूबाजूच्या मंडळींच्या कॉलरी आधी कानाएवढ्या होतात, मग आक्रसतात. पॅण्टी खाली रुंद होतात, मग वर रुंद होतात, मग पायाला चिकटतात आणि शेवटी घोट्याच्या वर जाऊन थांबतात. हा माणूस आहे तसाच. केस तेवढे कमी होत गेलेत, आणि ते काही त्यांनी ठरवून केलेलं नाही.

आम्ही त्यांना तागेकाका म्हणतो. हे आडनाव नव्हे, पदवी आहे. असे काका पोस्टातून, पाटबंधारे खात्यातून, जिल्हा परिषदेतून नाहीतर एखाद्या सहकारी बँकेतून निवृत्त झालेले असतात, आणि गावोगावी असतात. आमचे पुण्याचे, म्हणून लक्ष्मी रोडचा उल्लेख येईल. सांगलीच्या आणि नाशिकच्या वाचकांनी आपापला रस्ता घालून वाचावं.

पदवीचं कारण सरळ आहे. आपण शर्टपीस घेतो, काका तागा घेतात. वीस मीटरचा अख्खा तागा खांद्यावर टाकून घरी आणायचा आणि पुढची सात-आठ वर्षं कपड्यांच्या दुकानाचं तोंड बघायचं नाही. पन्हा ३६ इंची असेल तर अर्ध्या बाहीच्या शर्टाला सव्वादोन मीटर लागतं, ५८ इंची असेल तर दीड-पावणेदोन मीटरमध्ये भागतं, हे गणित ते न विचारता सांगतात. सांत्वनाला गेले तरी सांगतात. आठ शर्ट शिवून जे उरतं त्याचे उशांचे अभ्रे होतात, भाजीची पिशवी होते, मिक्सरचं झाकण होतं, नातवंडांची झबली होतात. एकदा त्यांच्या घरी गेलो असताना काका समोर सोफ्यावर बसलेले आहेत हे ते बोलायला लागेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही, कारण सोफ्याचे अभ्रेही त्याच ताग्यातले होते.

“कपडा एकदा ठरवायचा असतो,” काका म्हणतात. “रोज ठरवतात ती भाजी.”

या ठरवण्यामुळे काकांच्या अंगी एक अधिकार आला आहे. बुशशर्ट कधी खोचायचा नाही, कारण खोचलेला शर्ट म्हणजे वर कुणीतरी साहेब आहे, अशी त्यांची व्याख्या. परिणामी लोक त्यांनाच साहेब समजतात. बँकेत ते स्वतः रांगेत उभे असतात आणि मागची माणसं त्यांना विचारतात, “साहेब, सही इथं करायची का खाली?” काका चष्मा सरकवून सांगतात, “दोन्हीकडे करा.” तहसील कचेरीत शिपाई त्यांना बघून विडी लपवतो. एका मंगल कार्यालयात तर दाराशी उभ्या असलेल्या काकांच्या हातात कुणीतरी आहेराचं पाकीट दिलं. काकांनी ते घेतलं, खिशाचं पेन काढलं, नाव लिहिलं. मग दुसरं आलं. तासाभरात पाकिटांची रीतसर यादी झाली, खाली बेरीज मारून ती वधूपित्याच्या स्वाधीन झाली, वधूपित्याने डोळ्यांत पाणी आणून हात जोडले. काका मुलाकडचे नव्हते, मुलीकडचेही नव्हते. ते वरच्या मजल्यावरच्या मुंजीला आले होते.

आता हा माणूस कपड्यांच्या बाबतीत बेफिकीर आहे असं कुणाला वाटेल. मलाही ते सांगायला आवडलं असतं. बेफिकीर माणसावर लिहिणं सोपं जातं. पण लक्ष्मी रोडवरच्या कापडाच्या दुकानात काकांना एकदा पाहावं. ते रंगाकडे बघतच नाहीत. आधी कापड चिमटीत चुरगळतात, सोडतात आणि सुरकुती किती वेळ राहते ते बघतात. मग उजेडाकडे धरून वीण बघतात. मग काठाचा एक धागा उपसतात आणि खिशातून काडेपेटी काढतात. सुती धागा कागदासारखा जळतो आणि बोटांत चोळला की राख होते. पॉलिएस्टर असेल तर वितळून काळा टणक मणी बनतो. दुकानदाराने “काका, आत काडी नको” म्हणून हात जोडल्यापासून हा विधी बाहेर फुटपाथवर होतो. येणारी-जाणारी माणसं थांबून बघतात. धागा जळत असतो, काका वास घेत असतात, आणि दुकानाच्या दारातून मालक बोर्डाच्या निकालाची वाट बघणाऱ्या मुलाच्या चेहऱ्याने बघत असतो.

टेरिकॉट हा शब्द काकांसमोर काढायचा नाही. त्यांच्या उमेदीच्या काळात सगळं ऑफिस टेरिकॉटमध्ये होतं. इस्त्री नको, रात्री धुवा, सकाळी घाला. काकांनी तेव्हाच काठावरची अक्षरं वाचली होती: ६७ टक्के पॉलिएस्टर, ३३ टक्के कापूस. “म्हणजे दोन भाग प्लॅस्टिक आणि एक भाग कापड. मे महिन्यात एसटीने पंढरपूरला जाऊन या यात!” काठावर ‘सॅनफोराइज्ड’ असा शिक्का असेल तर तोही ते वाचतात आणि सॅनफोर्ड क्लूएट नावाच्या अमेरिकन माणसाने कापड दुकानात येण्याआधीच आकसवून ठेवायची युक्ती १९३०च्या सुमारास कशी काढली, ते दुकानातल्या पोराला समजावतात. एवढं करून घरी आल्यावर तागा रात्रभर बादलीत भिजतोच. क्लूएटवर विश्वास आहे, पण बादली घरची आहे.

त्यांच्या मते खरं पॉपलिन १९८२च्या १८ जानेवारीला संपलं. त्या दिवशी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि बऱ्याच गिरण्यांचे भोंगे पुन्हा धड वाजलेच नाहीत. काकांच्या मामेभावाचं घर त्यात बसलं. या विषयावर काका विनोद करत नाहीत, आणि त्यांच्यासमोर कुणी केलेला चालवून घेत नाहीत. त्यांच्या कपाटात तळाशी संपाआधीच्या मिलच्या कापडाचा एक शर्ट घडी करून ठेवलेला आहे. तो ते घालत नाहीत. कुणी नवीन कापड आणून दाखवलं की तो काढतात, दोन्ही कापडं शेजारी ठेवतात आणि “हात लावा” एवढंच म्हणतात. लावला की फरक कळतो.

समारंभाला जाताना त्यांच्यावर दरवेळी हल्ला होतो. सुनेने आणलेला जरीचा कुर्ता, मुलाने आणलेलं जॅकेट. काका शांतपणे इतिहास काढतात. १८७७च्या दिल्ली दरबारात राजेरजवाडे हिऱ्यामोत्यांत मढून आले होते, तिथे सार्वजनिक सभेच्या वतीने गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, खादीचे साधे कपडे घालून गेले. “एक काका व्हिक्टोरिया राणीच्या दरबाराला खादीत गेले. दुसऱ्या काकांना कोथरूडच्या रिसेप्शनला पॉपलिन चालेल.” यावर सुनेकडे उत्तर नसतं. कुर्ता परत पिशवीत जातो. गेल्या दिवाळीत तर तिने तोच कुर्ता पुन्हा भेट दिला, आणि काकांना तो नवा वाटला.

अलीकडे मात्र काकांचे दिवस अचानक पालटले आहेत. त्यांचा पुतण्या हिंजवडीत नोकरीला आहे. त्याची दोन कपाटं कपड्यांनी भरलेली, आणि रोज सकाळी दोन्ही उघडून तो हताश उभा. त्याने पैसे भरून एका सल्लागाराकडून ‘कॅप्सूल वॉर्डरोब’ करून घ्यायचं ठरवलं आणि ते काकांना सांगायला आला. लंडनच्या सूझी फॉ नावाच्या दुकानदार बाईंनी ही कल्पना १९७०च्या दशकात काढली, १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या डॉना कॅरनने सात सोप्या कपड्यांचा संच करून ती गाजवली, थोडकेच कपडे घ्यायचे आणि सगळे एकमेकांवर चालतील असे घ्यायचे, वगैरे.

“सात?” काकांनी विचारलं. “सात कशाला लागतात?”

मग पुतण्याने स्टीव्ह जॉब्जचं नाव काढलं. इस्सी मियाके या जपानी डिझायनरकडून त्याने काळे बंद गळ्याचे एकसारखे स्वेटर करून घेतले होते. जन्मभर पुरतील एवढे. २०११ साली आलेल्या त्याच्या चरित्रात ते आहे. काका पहिल्यांदा पुढे सरकून बसले.

“म्हणजे त्यानेही तागाच घेतला की रे!”

चपलांचंही तेच झालं. काका वर्षानुवर्षं कोल्हापुरी घालतात. नवी असताना ती चावते, मग तेल पिऊन पायाची होते, तळ झिजला की मोच्याकडे जाते. लोक त्यांना म्हणायचे, आता बूट घ्या. मग २०१९ मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकचे चार जिल्हे मिळून. पुढे जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर प्राडा कंपनीच्या मॉडेलांच्या पायांत हुबेहूब तसल्या चपला दिसल्या. आधी कंपनीने कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. इकडून ओरड झाल्यावर प्रेरणा इथलीच असल्याचं मान्य केलं. त्या आठवड्यात सोसायटीतल्या एका कॉलेजकन्येने काकांना थांबवून फोटो काढला.

“चेहरा नीट आला का गं?”

“चेहरा नाही काका, फक्त पाय.”

काकांना वाईट वाटलं नाही. “अंगठ्याचा कान दिसतोय ना? मग झालं.”

इथे काकूंबद्दल बोललं पाहिजे, कारण काका बोलत नाहीत. कपड्यांवर आपलं रोज अर्धं मिनिट जातं, असा काकांचा अभिमानाचा दावा आहे. तो खरा आहे. बाकीची चाळीस मिनिटं काकूंची जातात. पांढरं कापड आपोआप पांढरं राहत नाही. त्याला नीळ लागते, ती जास्त झाली तर शर्ट आकाशी होतो आणि कमी झाली तर पिवळट. पेन खिशात गळतं, मग डागाला लिंबू-मीठ. बटणांचा डबा वेगळा. कॉलर घडीवर विरली की ती उसवून, उलटून, पुन्हा शिवायची, म्हणजे शर्ट अजून तीन वर्षं चालतो. हे काम शिंपी आता घेत नाही, काकू घेतात. साधेपणाची ही सगळी पद्धत एका माणसाने ठरवली आणि दुसऱ्या माणसाने निभावली. आपल्याकडच्या पुष्कळ साध्या राहणीच्या थोर पुरुषांच्या घरी मागच्या बाजूला अशीच एक बादली असणार, असा माझा दाट संशय आहे.

काकू स्वतः रंगांच्या बाईसाहेब. इरकल, नारायणपेठ, महेश्वरी, प्रत्येकीची तारीख आणि निमित्त पाठ. कुणी काकांच्या राहणीचं कौतुक केलं की त्या म्हणतात, “यांची स्टाइल ना? मीच भिजत घातलीय सकाळी.”

मध्यंतरी काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि इस्त्री काकांच्या हातात आली. पहिल्याच दिवशी डाव्या बाहीवर तपकिरी त्रिकोण उमटला. दुसऱ्या दिवशी काकांनी इस्त्रीचं तापमान कमी केलं, सुरकुत्या तशाच राहिल्या. आठवड्याने ते मित्रमंडळींत सांगू लागले की सुती कापडाला थोडी चुणी हवीच, तीच त्याची ओळख, परदेशात तर लोक मुद्दाम चुरगळून घालतात. काकू पलंगावरून ऐकत होत्या. “आणि मी चाळीस वर्षं काय परीक्षा देत होते?” असं त्यांनी विचारलं. तेव्हापासून आठवड्यातले तीन शर्ट काकू बऱ्या झाल्यावरही काकांकडेच राहिले आहेत. ते तीन कोणते, हे लांबून कळतं.

पुतण्याने शेवटी सल्लागाराचे पैसे वाचवले. काका त्याला रविवार पेठेतल्या आपल्या शिंप्याकडे घेऊन गेले. दुकान जिन्याखाली, मापाच्या वह्या एकावर एक रचलेल्या. काकांच्या पानावर फक्त पोटाचा आकडा खोडून-खोडून नवा लिहिलेला, बाकी मापं पहिल्या दिवसाची. पुतण्याला उभं करून शिंप्याने टेप फिरवली.

“बाही?”

“अर्धी,” काका म्हणाले.

“फुल,” पुतण्या म्हणाला. “दुमडून घालणार.”

“दुमडणार तर पुरी शिवायची कशाला? कापड फुकट.”

“काका, प्लीज.”

“बरं, पुरी. खिसा डावीकडे, पेनाला फट ठेवून.”

“खिसा नकोय. प्लेन पाहिजे.”

शिंप्याची पेन्सिल थांबली. काकांनी पुतण्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

“मग पेन कुठं ठेवशील?”

“माझ्याकडे पेनच नाहीये काका.”

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. शिंप्याने एकदा त्यांच्याकडे, एकदा पुतण्याकडे पाहिलं, आणि वहीत काहीतरी लिहिलं. पंधरा दिवसांनी शर्ट आला तो अंगाला बेताचा, खांद्यावर चोख, पुतण्याने आजवर घातलेल्या कुठल्याही शर्टापेक्षा चांगला. ऑफिसात दोघांनी कुठून घेतला म्हणून विचारलंसुद्धा. डावीकडे खिसा होता, पेनाच्या फटीसकट. शिलाई काकांनी आधीच देऊन टाकली होती.