दाताच्या डॉक्टरकडे

शनिवारी दुपारी मी बाहेर पडलो की खालच्या मजल्यावरच्या काकू दारातच असतात. मीरा रोडच्या आमच्या इमारतीत लिफ्ट चालू असण्यापेक्षा बंद असण्याचे दिवस जास्त. त्यामुळे जिना टळत नाही आणि काकूही टळत नाहीत.

"कुठे निघालास?"

"दाताच्या डॉक्टरकडे."

पहिल्या शनिवारी हे खपलं. दुसऱ्या महिन्यात काकूंनी लवंगेच्या तेलाची बाटली हातावर ठेवली. पाचव्या महिन्यात माझ्या तोंडाकडे निरखून पाहत म्हणाल्या, "अरे, एवढ्यात अख्खी बत्तिशी नवी बसली असती. करतो तरी काय तो?"

मुळात तो 'तो' नव्हता आणि दाताचाही नव्हता. मी ठाण्याला एका थेरपिस्ट बाईंकडे दर आठवड्याला पन्नास मिनिटं बोलायला जात होतो. त्यालाही 'सिटिंग'च म्हणतात, एवढाच माझ्या थापेला आधार.

नुसतं 'ठाण्याला जातो' म्हटलं असतं तर वेगळीच पंचाईत. आमचं मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यातलं. कलेक्टर कचेरीच्या कामाला ठाणं गाठावं लागतंच. तरी 'याला ठाण्याला न्यायला हवं' या वाक्याचा अर्थ कुणी कलेक्टर कचेरी असा घेत नाही. तिथलं मनोरुग्णालय १९०१ सालचं. पुणेकर अशा वेळी येरवड्याचं नाव घेतात, आम्ही ठाण्याचं. त्याच ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' सुरू केली. आपल्या पायांनी जावं, बोलावं आणि आपल्याच पायांनी घरी यावं, अशीही ठाण्याची वाट असू शकते हे लोकांना दिसलं. पण संस्था उभी करणं एक वेळ सोपं, जिभेवरचा वाक्प्रचार हलवणं कठीण.

गोळी मात्र सगळ्यांना पटते. काकू स्वतः झोपेची गोळी घेतात आणि तिचं नाव जिन्यात मोठ्याने सांगतात. गोळीला चिठ्ठी असते, मेडिकलवाला असतो, 'जेवणानंतर' असं बंधन असतं. नुसतं बोलायचं, तेही महिनोन्‌महिने, तेही पैसे मोजून, हे कुठल्या हिशेबात बसवायचं? वर आपल्याकडे म्हण तयार आहेच : स्वभावाला औषध नाही. ही म्हण फार सोयीची. सासऱ्यांचा संताप, नवऱ्याचा अबोला, आपली स्वतःची कुढण, सगळं तिच्यात गुंडाळून माळ्यावर टाकता येतं.

मनाशी बोलायचं आपल्याला वावडं आहे असंही नाही. समर्थांनी मनाला दोनशेपाच श्लोक ऐकवले आणि आपल्यातल्या कित्येकांनी ते लहानपणी पाठ केले. मी तर बक्षीसही मिळवलं होतं. पण त्या बक्षीससमारंभात किंवा नंतर कधी, मनाला काही म्हणायचंय का, हे मी विचारलं नाही. उपदेश केला की आपलं काम झालं, अशीच माझी समजूत होती.

परक्याशी बोलायचंही वावडं नाही. लोकलमध्ये चौथ्या सीटवर अर्धं बूड टेकलेला माणूस मीरा रोड ते अंधेरी एवढ्या वेळात धाकट्या भावाने जागेच्या कागदावर सही कशी घेतली, इथपासून डोळ्यात पाणी येईपर्यंत सगळं सांगतो आणि उतरून जातो. नाव सांगत नाही. गंमत म्हणजे फ्रॉइडला हेच हवं होतं. १९१३ च्या एका लेखात तो सांगतो, की रुग्णाने आगगाडीच्या खिडकीशी बसलेल्या प्रवाशासारखं बोलावं. बाहेर जे जे सरकताना दिसेल ते आत बसलेल्याला सांगत जावं, निवडानिवड करू नये. स्वतः फ्रॉइडला आगगाडीच्या प्रवासाची धास्ती वाटे, हे त्यातलं आणखी एक. विरार फास्टला लटकण्याची वेळ त्याच्यावर आली नाही, हे मानसशास्त्राचं नशीब. कोलकात्यात गिरींद्रशेखर बोस यांनी मनोविश्लेषणाची संस्था काढली ती १९२२ मध्ये. म्हणजे हे शास्त्र भारतात येऊन शंभर वर्षं उलटली. आमच्या जिन्यापर्यंत मात्र ते अजून पोचायचंय.

माझी बसायची जागा खिडकीची, पण काय सांगू? पहिले दोन महिने मी ऑफिसबद्दल बोललो. बाई ऐकत राहिल्या. सल्ला देईनात. मला वाटलं, पैसे वाया चालले. परतताना गायमुखच्या घाटात बस अडकली की पन्नास मिनिटांत मोकळं झालेलं मन घोडबंदर रोडवर पुन्हा तुंबायचं.

मग एकदा भाईंदरच्या खाडीचा विषय निघाला. पुलावरून गाडी जाताना दारातला कुणीतरी निर्माल्याची पिशवी भिरकावतो, हात जोडतो आणि मोबाइलमध्ये डोकं घालतो. त्याच्या लेखी पिशवी गेली. खाडीच्या लेखी ती कुठेच गेलेली नसते. भरतीला आत येते, ओहोटीला चिखलात उघडी पडते. हे मी निसर्गावर भाष्य म्हणून सांगत होतो. बाईंनी एवढंच विचारलं, "तुमची पिशवी कोणती?"

त्या दिवशी मी वीस मिनिटं गप्प होतो. उरलेल्या वेळात वडिलांबद्दल बोललो.

हे काकूंना कसं सांगणार? शेवटी दहाव्या महिन्यात सांगितलं, जिन्यातच. काकूंनी आधी आजूबाजूला पाहिलं. मग म्हणाल्या, "बोलायचे पैसे? त्यापेक्षा माझ्याकडे यायचंस. चहाही दिला असता." ते खरंच होतं. चहा मिळाला असता, 'मनावर घेऊ नकोस' मिळालं असतं आणि लिफ्ट चालू असती तरी तिच्याआधी माझी गोष्ट सातव्या मजल्यावर पोचली असती.

"पण काकू, दात दुखला तर तुम्ही रूट कॅनल केलंतच ना? चार सिटिंग, एवढा खर्च. नुसती गोळी का नाही घेतली?"

"अरे, मुळातच किडलं होतं. वरवर करून काय उपयोग?"

एवढं बोलून त्या थांबल्या. मीही काही बोललो नाही. गप्प बसायचं कसं, ते मी आता शिकलो होतो.

दर दुखण्याला खोदकाम लागत नाही. कुणाला गोळी पुरते, कुणाला मित्र पुरतो, कुणाला दोन्ही लागतात. माझा संतापही गेलेला नाही. फक्त तो येताना आता जिन्यात त्याच्या पावलांचा आवाज येतो आणि दार उघडायचं की नाही हे ठरवायला मला एक क्षण मिळतो. स्वभावाला औषध नसेलही. पण त्याची विचारपूस करता येते.

तेव्हा तुमच्या इमारतीत कुणी दर शनिवारी दाताच्या डॉक्टरकडे निघालेलं भेटलं, तर त्याचे दात मोजू नका. 'सावकाश जा' म्हणा आणि जिन्यात जरा वाट द्या.