लाल्या

लग्नाला पस्तीस वर्षं झाली त्या दिवशी बायकोने माझा फोन मागून घेतला. तिला आम्हा दोघांचा एखादा बरा फोटो हवा होता. बराच वेळ ती बोटाने वर वर सरकवत राहिली आणि शेवटी म्हणाली, "अहो, यात नुसती पानंच आहेत!"

खोटं नव्हतं. कपाशीचं पान वरून, तेच पान खालून, तळहातावरचं पान, रुपयाच्या नाण्याशेजारचं पान, मावा पडलेलं पान, मावा पडला असं मला उगाच वाटलेलं पान. शाळेतून निवृत्त होऊन मी जांब समर्थला वडिलांची चार एकर कसायला घेतली, तेव्हा शेतीला बैल लागतात अशी माझी समजूत होती. आता कॅमेरा लागतो. डॉक्टरला जीभ दाखवावी तसं कृषी केंद्रवाल्याला पान दाखवायचं. तो दुकानात बसल्या बसल्या औषध सांगतो. सरकारलाही फोटोच हवा असतो. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी आली. आपल्याच वावरात उभं राहून आपल्याच पिकाचा फोटो काढायचा आणि ही कपाशीच आहे, असं आपणच कळवायचं. आमच्याकडे रेंज बांधावरच्या बाभळीखाली येते. त्यामुळे सातबाऱ्यावर माझी कपाशी असली तरी फोटोत अर्धी बाभूळ आहे.

तर अशा या फोनवर गेल्या ऑक्टोबरात भाचीचे फोटो येऊन पडले. ती अमेरिकेत बोस्टनजवळ राहते. सुट्टीच्या दिवशी नवराबायको गाडी काढून व्हरमाँटच्या डोंगरात गेले होते, मेपलची पानं बघायला. नुसती पानं बघायला! वाटेत देऊळ नाही, पाव्हणा नाही, बी-बियाण्याचं दुकान नाही. तिकडे म्हणे कुठल्या डोंगरावर रंग कुठवर चढला याचे अहवाल निघतात आणि ते वाचून लोक बेत आखतात. त्याच सुमारास आमच्याकडेही अहवाल निघतो, नजरअंदाज पैसेवारीचा. पीक पन्नास पैशांच्या वर की खाली, ते त्यात असतं. तो वाचून सहलीला निघालेला माणूस मी अजून पाहिलेला नाही.

फोटोंखाली तिने लिहिलं होतं, 'मामा, तुमच्याकडचा ऑटम पाठवा ना!'

भाचीचा शब्द मोडवत नाही. मी ऑटम शोधायला बाहेर पडलो. दुपारचे दोन. पाऊस नुकताच परतलेला, आणि 'ऑक्टोबर हीट' हा इंग्रजी शब्द आमच्या म्हाताऱ्यांनाही का पाठ आहे ते टाळूला कळत होतं. परसातला लिंब हिरवागार. देवळाच्या वाटेवरचा पिंपळ हिरवागार. मोसंबी तर जालन्याची, ती कशाला पान टाकते? नुकत्याच झालेल्या दसऱ्यात एकट्या आपट्याची पानगळ झाली होती आणि ती माणसांनी केली होती. शेजारच्या शिवारात एकाचं डाळिंब आहे, तिथेही चौकशी केली. तो म्हणाला, "गुरुजी, पानगळ हवी का? थांबा जरा, बहार धरताना इथ्रेल मारतो, चार दिवसांत झाड उघडं." व्हरमाँटला निसर्ग करतो ते आम्ही बाटलीतून करतो, हे भाचीला कसं सांगणार?

खरं तर आमच्याकडे सगळं उलटं आहे. लिंब झडतो माघ-फाल्गुनात, आणि तेव्हा अंगण झाडणाऱ्या बाईला त्यात काही काव्य दिसत नाही. तांबूस पानं बघायची तर पिंपळाची, पण ती कोवळी, जन्मलेली, मरणारी नव्हेत. गावात बाहेरची माणसं येतात रामनवमीला, कारण 1608 साली त्याच तिथीला समर्थ रामदास इथे जन्मले. येणारा पायाखाली बघत रांगेत सरकतो. वर पिंपळ काय करतोय याच्याकडे कुणाचं लक्ष नसतं. समर्थांचं मात्र झाडांकडे बारीक लक्ष होतं. 'बागप्रकरणा'त त्यांनी झाडांच्या नावांची केवढी तरी जंत्री दिली आहे.

संध्याकाळी हात हलवत परत येताना मी स्वतःच्याच वावराजवळ थबकलो. कपाशीची खालची पानं कडेने लाल व्हायला लागली होती. शिरा हिरव्या, मधला भाग जांभळट लाल. लाल्या! पोटात खड्डा पडला. बायको वेचणीची ओटी बांधून सरीत उभी होती. तिला म्हटलं, जरा पान धर. मावळतं ऊन पाठीवर घेऊन मी फोटो काढले.

रात्री चष्मा न लावता दोन कामं केली. लाल्याचे फोटो कृषी केंद्रवाल्याला आणि भाचीला 'आमच्याकडे ऑटम नसतो, तुझेच फोटो छान आहेत' असा निरोप, सोबत तिचेच फोटो. कसे कुणास ठाऊक, लाल्या बोस्टनला गेला आणि मेपल कृषी केंद्रात.

सकाळी कृषी केंद्रवाल्याचा आवाजी निरोप आलेला. "गुरुजी, लय उशीर केलात! पूर्ण प्लॉट गेलाय. मॅग्नेशियम कमी पडलं, त्यात रातचा गारवा. मॅग्नेशियम सल्फेट मारून बघा, पण एवढ्या उंचीला आपला पाठीवरचा पंप पुरायचा नाही. आणि वाण कोणता लावलाय ते सांगा, एवढी वाढ मी जन्मात बघितली नाही."

भाचीचा निरोप त्याच्याखाली. 'मामा!! किती सुंदर! कुठलं झाड हे?'

मी हसलो खरा, पण पुढे वाचून पाहिलं तर कृषी केंद्रवाला फारसा चुकला नव्हता. मेपलच्या पानात पिवळा रंग आधीपासून दडलेला असतो, हिरवा ओसरला की उघडा पडतो. लाल मात्र पान अखेरच्या दिवसांत नव्याने तयार करतं, अँथोसायनिन नावाचं. कपाशीला नत्र, मॅग्नेशियम कमी पडलं, रात्री गार झाल्या की तीही तेच अँथोसायनिन काढते. द्रव्य एकच. फरक इतकाच की तिथे गाडीत पेट्रोल भरून ते बघायला जातात आणि इथे त्याच्यावर फवारणी करतात.

भाचीला कळवलं, या झाडाला लाल्या म्हणतात. तिने तो मोठा करून दिवाणखान्यात लावलाय. पाहुण्यांना सांगते, लाल्या, आमच्या मामाच्या गावचा.

आणि यंदा फोनने आपण होऊन करामत केली. फोटो जुळवून एक चित्रफीत बनवली, मागे हळुवार पियानो आणि वर नाव, 'कलर्स ऑफ ऑटम'. मी बायकोला दाखवली. तिने डोळे बारीक केले.

"हे कापूस गेला त्या सालचं ना?"

"हो."

"परत लावा बरं."

परत लावली. एका फोटोवर तिने बोट टेकवलं. मधोमध लाल पान, त्याच्याखाली हिरव्या बांगड्यांचा हात, आणि सरीत आडवी पडलेली, फोन धरलेली माझी लांबलचक सावली.

"हा हात माझा आहे," ती म्हणाली. "आणि हे तुम्ही. हाच ठेवा आपला फोटो. फक्त मधला लाल्या तेवढा कापून काढा."