वर गेलं तर कंपनीचं

मे 2018 मध्ये नितीन गडकरींनी हैदराबादेतल्या आमच्या अंबरपेठच्या उड्डाणपुलाची पायाभरणी केली. पुढच्याच महिन्यात याच शहरात इस्रोतून बाहेर पडलेल्या दोन तरुण अभियंत्यांनी स्कायरूट नावाची रॉकेट कंपनी काढली. 18 नोव्हेंबर 2022 ला त्यांचं ‘विक्रम-एस’ श्रीहरिकोट्याहून उडालं, 89.5 किलोमीटर उंच गेलं आणि ठरल्याप्रमाणे समुद्रात पडलं. आमच्या पुलाची लांबी जेमतेम दीड किलोमीटर. त्याचं उद्घाटन झालं मे 2025 मध्ये, पुन्हा गडकरींच्याच हातून. तेवढ्यावरून गोलनाक्यापासून सहा नंबर चौकापर्यंत सगळ्यांचं एकमत झालंय की सरकारला काही जमत नाही, सगळं खाजगीकडे द्या. पुलाचा ठेकेदार खाजगीच होता, हे कुणाच्या गावी नाही.

रॉकेटचं कौतुक मलाही आहे. स्कायरूटच्या ‘कलाम’ मालिकेतल्या पहिल्या मोटरची चाचणी 2020 साली नागपुरात, सोलार इंडस्ट्रीजच्या आवारात झाली, तेव्हा इथल्या मराठी मंडळींची छातीही दोन बोटं फुगली. पण खाजगी म्हणजे नेमकं किती खाजगी? संस्थापकांचं शिक्षण आयआयटीत, उमेदवारी इस्रोत, उड्डाण सतीश धवन केंद्रातून. म्हणजे जेवण सासरचं, ढेकर स्वतःचा.

खरी गंमत पुढे आहे. 1972 च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अवकाशात सोडलेली वस्तू कुणाच्या डोक्यावर पडली, तर भरपाई द्यायची ती सोडणाऱ्या देशाने. कंपनी कुणाची का असेना. हे पुस्तकी वाटत असेल तर चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात जाऊन विचारा. 2 एप्रिल 2022 च्या रात्री, पाडव्याच्या दिवशी, लाडबोरी गावात आभाळातून एक भलंमोठं धातूचं कडं येऊन पडलं. माणसापेक्षा उंच, अजून गरम. आसपासच्या शिवारात धातूचे गोळेही सापडले. जाणकारांच्या मते तो चिनी रॉकेटचा उरलासुरला भाग होता. नशीब, कुणाला लागलं नाही. लागलं असतं तर दिल्लीने बीजिंगच्या दारात जायचं होतं. उद्या आपल्या खाजगी रॉकेटचं कडं दुसऱ्या कुणाच्या अंगणात पडलं, की ते लोक येतील दिल्लीच्या दारात.

आता वीज. आमच्याकडे रेशनकार्डवाल्या घरांना 200 युनिटपर्यंत करंटचं बिल शून्य येतं, मार्च 2024 पासून. ज्याच्या घरी शून्याचं बिल येतं, तोच चहाच्या ठेल्यावर सगळ्यात जोरात म्हणतो की वीज खाजगी कंपन्यांनी बनवावी. त्याचं गाऱ्हाणं संसदेने ऐकलं. डिसेंबर 2025 मध्ये नवा अणुऊर्जा कायदा मंजूर झाला आणि अणुभट्ट्यांचं दार खाजगी कंपन्यांना उघडलं. कायद्याचं नाव ‘शांती’. अपघात झाला तर भट्टी चालवणाऱ्याची जबाबदारी, भट्टी कितीही अजस्र असली तरी, तीन हजार कोटींवर थांबते. त्यापुढचं नुकसान केंद्र सरकार बघेल. यंत्रं पुरवणाऱ्याने सदोष माल दिला तर त्याच्याकडून वसूल करण्याचं 2010 च्या कायद्यातलं कलमही गेलं. जैतापूरच्या फ्रेंच अणुभट्ट्या इतकी वर्षं कागदावर राहिल्या, त्याच्या अनेक कारणांत हे कलमही होतं. शांती कुणाला लाभली, ते तिथल्या साखरी नाट्याच्या मच्छीमारांना विचारायला कोण जाणार?

राहिलं शिक्षण, आणि ते तर आमच्या दारातच. अंबरपेठेतून निघालं की पाच-दहा मिनिटांत उस्मानिया विद्यापीठ. आभाळाचा नाद या शहराला स्कायरूटने लावलेला नाही. याच विद्यापीठाने 1968 साली जपाल-रंगापूरला 48 इंची दुर्बीण बसवली होती. आता विद्यापीठात प्राध्यापकांच्या मंजूर जागा रिकाम्या आहेत आणि तास कंत्राटी मास्तर घेतात. पोरं जातात खाजगी इंजिनियरिंग कॉलेजात. गरिबांच्या पोरांची फी सरकार भरतं. भरतं म्हणजे भरीन म्हणतं. थकबाकी इतकी साचली की नोव्हेंबर 2025 मध्ये कॉलेजांनी बेमुदत टाळं ठोकलं. मग बैठक झाली, आश्वासन मिळालं, टाळं निघालं.

पण खिडकीवरचा कारकून आश्वासनावर चालत नाही. गल्लीतला एक पोरगा पास होऊन नोकरीचं पत्र घेऊन आला, तर कॉलेजने मूळ सर्टिफिकेटं अडवली. ‘फी तू भर, सरकारचे आले की परत नेशील.’ कधी येतील, या प्रश्नाला कारकुनाने पंख्याकडे बघितलं. पोराच्या बापाची रिक्षा. त्याने बायकोच्या बांगड्या उचलल्या आणि सावकाराकडे गहाण ठेवल्या. व्याज महिन्याच्या महिन्याला, तारीख चुकली की दंड. तो धंदा मात्र अस्सल खाजगी. त्यात सरकारचा एक पैसा नाही.