सात ग्रॅमची वाटणी

बुधवार पेठेत, जोगेश्वरीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर आमचा वाडा आहे. ‘आमचा’ म्हणजे बाबांचा आणि तीन काकांचा. कोणाचा किती, ते कोर्ट ठरवतंय. वादात नाही ती फक्त आजोबांची पद्मिनी. तिच्यावर हक्क सांगेल त्याला पेट्रोल भरावं लागतं.

ऑइल दुसऱ्यानं बदललं असेल, असं धरून चौघांनी ती वर्षानुवर्षं चालवली. शेवटी ती निळा धूर सोडू लागली आणि नाना पेठेतल्या मिस्त्रींनी इंजिन खोललं. १०८९ सीसी, चार सिलिंडर, मूळ बोअर ६८ मिलिमीटर. सिलिंडर बोअर करून घेतले. ओव्हरसाइज पिस्टन तीन एका दुकानात मिळाले, चौथा दुसऱ्यात.

मिस्त्रींनी गजन पिनेच्या काटकोनात, स्कर्टवर मायक्रोमीटर लावला.

“कुठूनही मोजा की, गोलच आहे,” मी म्हणालो.

“दिसतो गोल. असतो लंबगोल, डोक्याकडे निमुळता. तापला की फुगून सरळ होतो.”

आमचे धाकटे काकाही तापले की फुगतात. सरळ होत नाहीत.

मापं जुळली, वजनं राहिली. मिस्त्रींचा काटा किराणा दुकानातून निवृत्त झालेला. म्हणून चारही पिस्टन फडक्यात बांधून मी सोन्या मारुती चौकात एका सराफाकडे नेले. गाठोडं बघून ते उठून उभे राहिले; सोडल्यावर खाली बसले.

“घट धरायची का?” त्यांनी विचारलं.

तिघांची वजनं ग्रॅमाच्या आत जुळली. चौथा सात ग्रॅम जड.

“सात ग्रॅमनं काय होतंय!”

“सोनं असतं तर म्हणाला असतात?”

घरी हिशेब केला. मिनिटाला ४००० फेऱ्यांच्या वेगात ते सात ग्रॅम वरच्या टोकाला पोचले, की साधारण सहा किलोचा हिसका देतात, तोही दर फेरीला.

मिस्त्रींचा इलाज सरळ होता. “जडाचं कमी करायचं. हलक्याला वाढवता येत नाही.” ताकदीला धक्का न लावता त्यांनी आतून धातू खरवडला. मग कनेक्टिंग रॉड. आधी अख्खा तोलायचा, मग एकेक टोक वेगळं. कारण मोठं टोक क्रँकबरोबर फिरतं, धाकटं पिस्टनबरोबर वरखाली करतं. रॉडची टोपी रॉडला जोडूनच बोअर केलेली, म्हणून दोघांवर एकच नंबर ठोकलेला.

“याची टोपी त्याला घालायची नाही,” मिस्त्रींनी बजावलं.

आमच्या वाड्याचा सगळा कारभार त्यावरच चालतो, हे मी त्यांना सांगितलं नाही.

रात्री चौघा भावांना बसवून जडानं कमी करायचा नियम मात्र सांगितला. चौघांनाही तो पटला. प्रत्येकाच्या मते सगळ्यात हलका तो स्वतःच होता.

पद्मिनी आता न थरथरता चालते. दावाही चालू आहे. पुढची तारीख कोर्टाच्या उन्हाळी सुट्टीनंतर.