एकट्या बाईला एकटे सोडल्याबाबत

प्रति,
मा. टोकियो महानगर,
मु. पो. टोकियो, जपान.
(आपल्याकडे बहुतेक रस्त्यांना नावंच नसल्यामुळे याहून नेमका पत्ता लिहिता येत नाही.)

विषय : परदेशी शहरात प्रथमच एकटी फिरणाऱ्या महिलेस पुरेसा त्रास न दिल्याबाबत तक्रार.
संदर्भ : नातेवाइकांनी वेळोवेळी दिलेल्या तोंडी सूचना.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की, मी जिल्हा परिषदेच्या आवक-जावक विभागातून निवृत्त झालेली, गुडघे अजून शाबूत असलेली आणि कोणाचंही बोट न धरता आपल्याकडे येऊन गेलेली एक महिला आहे.

आमच्याकडे बाई एकटी परदेशी निघाली की आधी घरात सुनावणी होते. माझीही झाली. धाकट्या दिरांचा मुद्दा असा, की टूरबरोबर का जात नाही? सकाळी उठवतात, बसमध्ये डोकी मोजतात, संध्याकाळी वरण-भात मिळतो. मावशीने पासपोर्ट कुठे लपवायचा याचं प्रात्यक्षिक दाखवलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. कोणी दिलेलं खाऊ नकोस, सातच्या आत खोलीवर ये, टॅक्सीवाल्याला ‘नवरा हॉटेलात वाट बघतोय’ असं सांग. दिरांनी शेवटी एक शिट्टी आणून दिली. पितळी. ती वाजवण्याची एकही संधी आपण मला दिली नाहीत, हे या तक्रारीचं मूळ कारण आहे.

शिंजुकू स्टेशनाकडून मला फार आशा होत्या. जगातलं सर्वांत वर्दळीचं स्टेशन म्हणून गिनीज बुकात नोंद, बाहेर पडायच्या वाटा दोनशेच्या वर. इथे माणूस हरवणार नाही तर कुठे? त्याप्रमाणे मी रीतसर हरवले आणि भलत्याच बाजूला वर आले. पुढे हॉटेल शोधायचं, तर पत्त्यात आधी वॉर्ड, मग पेठ, मग तिचा भाग, मग ठोकळ्याचा नंबर आणि शेवटी घराचा. जुन्या वस्त्यांत तर घरांचे नंबर ज्या क्रमाने घरं बांधली त्या क्रमाने पडलेले. तीनच्या शेजारी सतरा, सतराच्या मागे चार, अगदी आमच्या रेकॉर्ड रूमसारखं. त्यामुळे मला परकंही वाटलं नाही.

मग तुमची ती नाक्यावरची पोलीस चौकी, कोबान. आत शिरले तेव्हा शिट्टी हातात होती. पोरसवदा पोलिसाने मोठा नकाशा टेबलावर पसरला, पेन्सिलीच्या टोकाने एकेक ठोकळा मोजत गेला, एका जागी थांबला, पुन्हा मागे येऊन मोजून खात्री केली. मग बाहेर कोपऱ्यापर्यंत येऊन हाताने वळण दाखवलं आणि वाकून नमस्कार केला. ‘एकट्याच आहात का मॅडम?’ हा प्रश्न त्याच्या नियमावलीतच नसावा. आमच्याकडे चौकीत गेलेल्या बाईला पहिला प्रश्न ‘बरोबर कोण आहे?’ हाच असतो, मग तिचं काम काहीही असो.

जेवणाच्या बाबतीतही हाच हलगर्जीपणा. रामेनच्या दुकानात दारातच यंत्र. पैसे टाका, चित्र बघून बटण दाबा, चिठ्ठी घ्या. चिठ्ठी घेणाऱ्याने एक बोट वर करून माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, विषय संपला. त्या एका बोटात कीव नव्हती, कुतूहलही नव्हतं. आमच्या गावच्या हॉटेलात ‘किती जण?’ला ‘एक’ म्हटलं की ‘एकच?’ असा प्रतिप्रश्न येतो आणि बेसिनजवळचं टेबल मिळतं. तुमच्याकडे ओळीने सगळे एकेकटे, भिंतीकडे तोंड करून भुरके मारत बसलेले. मी वही काढून हिशेब लिहायला घेतला, तरी कोणी डोकावलं नाही.

चोवीस तास उघड्या दुकानांतल्या ओनिगिरीबद्दल मात्र आपलं अभिनंदन करावं लागेल. भाताचा तिकोनी गोळा, आत मिठात मुरवलेलं आंबट फळ, बाहेर शेवाळाचा काळा कागद. वेष्टनावर 1, 2, 3 असे आकडे. एकची पट्टी वरून खाली पार मागपर्यंत ओढायची, मग दोनचा कोपरा उजवीकडे आणि तीनचा डावीकडे. प्लॅस्टिक निघून जातं आणि शेवाळ भाताला जागच्या जागी चिकटतं, कुरकुरीत. मधे कोणाचा हात लागत नाही. इतक्या बारकाईने आमच्या कार्यालयात एकही परिपत्रक निघालं नाही. पण ते वेष्टन टाकायचं कुठे? 1995 मध्ये ओम शिनरिक्यो पंथाने मेट्रोत सरीन वायू सोडल्यानंतर आपण कचऱ्याचे डबे उचललेत, ते बहुतेक ठिकाणी परत ठेवलेच नाहीत. दिवसभराचा कचरा पर्समध्ये, पासपोर्टाला लागून.

यामानोते लाइनवर मी पूर्ण प्रदक्षिणा घातली. 34.5 किलोमीटर, 30 स्टेशनं, तासभर. उतरलेच नाही. डब्यात शंभर माणसं आणि आवाज फक्त चाकांचा. डोंबिवलीच्या बहिणीकडे जाताना लेडीज डब्यात पाय ठेवताच ‘कुठे उतरणार?’ विचारतात. ते सीटसाठी असतं हे मान्य, पण विचारतात तरी! नंतर शिबुया स्टेशनला गेले, तिथे तर कमालच. मेलेल्या मालकाची जवळपास दहा वर्षं स्टेशनवर वाट बघणाऱ्या हाचिको कुत्र्याचा आपण पुतळा केलात. आमच्याकडे स्टेशनवर एकटी थांबलेली बाई दिसली की पुतळा राहू द्या, चौकशी समिती बसते.

आपण फार हुरळून जाऊ नये म्हणून नोंदवते, की गर्दीच्या वेळच्या गाड्यांत बायकांसाठी राखीव डबा आपल्यालाही ठेवावा लागतो, आणि तो का ठेवावा लागतो हे आम्हा लोकलवाल्यांना वेगळं सांगायला नको. तुमच्या देशात विकल्या जाणाऱ्या फोनचा कॅमेरा मुद्दाम आवाज करतो, तोही त्याच जातीच्या पुरुषांमुळे. माझ्या वाट्याला काही आलं नाही, त्याचं श्रेय माझ्या वयाला द्यायचं की आपल्याला, हा मुद्दा प्रलंबित ठेवते.

एकट्याने येण्यात खरा अर्थ असलेली माणसंही आपल्याकडे येऊन गेली आहेत. क्रांतिकारक रासबिहारी बोस 1915 मध्ये टागोरांचे नातलग असल्याचं भासवून, खोट्या नावाने जपानात उतरले. हद्दपारीचा हुकूम निघाला तेव्हा शिंजुकूतल्या नाकामुराया बेकरीच्या सोमा दांपत्याने त्यांना मागच्या खोलीत लपवलं. पुढे ते त्याच घरचे जावई झाले आणि 1927 पासून तिथे भारतीय पद्धतीची करी मिळू लागली. दुकान अजून आहे. त्यांच्या मागे इंग्रज सरकार होतं, माझ्या मागे फक्त व्हॉट्सॲपवरचा ‘पोचलीस का?’ ग्रुप. असो.

शेवटी एदोगावात निशी-कासाईला गेले. पुण्याचे योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये ज्या वॉर्डाच्या सभागृहात निवडून आले, तो हा भाग. तिथल्या भारतीय किराणा दुकानात पोह्यांचं पाकीट उलटसुलट करून बघत होते, तर मागून आवाज आला, ‘कुठल्या तुम्ही? एकट्याच आलात? आणि मिस्टर?’ त्या बाईंना मी पाच मिनिटांत माहेर, सासर, पेन्शन, गुडघे, सगळं सांगून टाकलं. खोटं कशाला लिहू, बरं वाटलं.

तिथून परतताना गाडीत विचार केला. मला कोणी विचारलं नाही याची चैन वाटत होती, कारण मला परतीचं तिकीट होतं. आपल्याकडे मात्र माणूस बंद दाराआड मरून पडतो आणि शेजाऱ्यांना पत्ता लागत नाही, असं इतक्यांदा होतं की त्या मरणाला वेगळं नाव आहे. 2021 मध्ये आपल्या देशाला एकाकीपणाचं खातं सांभाळायला मंत्री नेमावा लागला. आमच्याकडे हे खातं मंत्र्याविना चालतं, आणि जरा जास्तच चालतं.

सबब, पुढील प्रस्ताव सादर. आमच्याकडील अनुभवी मावश्या, आत्या व शेजारणी आपल्याकडे प्रतिनियुक्तीवर पाठवण्यास आम्ही तयार आहोत. काम एवढंच, की जिन्यात भेटेल त्याला ‘जेवलात का?’ विचारणे व उत्तर येईपर्यंत न हलणे. भाषेची अडचण त्यांना येणार नाही, त्या उत्तर ऐकतातच असं नाही. त्या बदल्यात एक बोट वर करून गप्प राहणारे आपले काही वाढपी आमच्या जिल्ह्यात पाठवावेत. प्रवासखर्च ज्याचा त्याने करावा.

उत्तर पंधरा दिवसांत अपेक्षित आहे. शिट्टी सोबत जोडली आहे.

आपली विश्वासू,
एक सेवानिवृत्त महिला

प्रत माहितीसाठी :
धाकटे दीर (शिट्टीच्या पावतीसह).
मावशी. पासपोर्ट सुखरूप आहे. प्रतिनियुक्तीसाठी तुझं नाव पहिलं टाकलं आहे.