पुडिंगाचा गोतावळा

पुडिंग म्हटलं की आपल्यापुढे कॅरॅमलच्या पाकात बसून थरथरणारी पिवळसर ढेप येते. गोव्यातल्या जेवणानंतरची, नाहीतर मुंबईत इराण्याकडच्या ब्रेड पुडिंगाची. अंडी, दूध, साखर. सगळं सोज्ज्वळ.

पण पुडिंगाच्या माहेरी, इंग्लंडात, हा गोतावळा फार मोठा आणि सगळाच गोड नाही. तिथलं ब्लॅक पुडिंग म्हणजे डुकराचं रक्त, चरबी आणि ओट किंवा बार्ली आतड्यात भरून शिजवलेली कांडी. ती खातात सकाळच्या न्याहारीला. यॉर्कशायर पुडिंग हे मैदा, अंडी आणि दुधाचं सरसरीत पीठ. कडकडीत तापलेल्या चरबीत ओतून भट्टीत ठेवलं की ते टम्म फुगतं आणि भाजलेल्या बीफशेजारी जाऊन बसतं. चार इंचांहून कमी फुगलं तर त्याला यॉर्कशायर पुडिंग म्हणूच नये, असा निवाडा 2008 मध्ये रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने दिला. पूर्वी लँकेशायरमध्ये असलेल्या रॅम्सबॉटम गावात तर उंचावर यॉर्कशायर पुडिंगं रचतात आणि खालून ब्लॅक पुडिंग फेकून ती पाडायची स्पर्धा भरवतात. लँकेशायर आणि यॉर्कशायर या दोन परगण्यांचं जुनं वैर असं पुडिंगावर निभावतं, हे उत्तमच.

या घराण्याचा मूळपुरुष आतडं. लंडनची 1666 ची आग ज्या पुडिंग लेनमधल्या बेकरीत लागली, त्या गल्लीचं नावही मिठाईवरून पडलेलं नाही. खाटकांकडची आतडी-कोथळा त्या वाटेने थेम्सकडे नेत, तेच तिथलं पुडिंग. सतराव्या शतकात आतड्याची जागा फडक्याने घेतली. पीठ, चरबी, बेदाणे फडक्यात बांधून उकडायची सोय झाली आणि गोडाला दार उघडलं. आता तर जेवणानंतर पुडिंगाला काय, असं विचारलं की उत्तर आइस्क्रीम असंही येतं.

इंग्रजांना हसण्याआधी आपली वडी आठवावी. अळूची वडी तिखट, नारळाची गोड, सुरळीची तर वडीसारखी दिसतही नाही, आणि सांडग्यांच्या भावकीतली डाळीची वडी थेट आमटीत पोहते. आपल्या घरात कुणाचा गोंधळ होत नाही, कारण पुढचा शब्द आपण ऐकतो. पुडिंगाचंही तेच.

तेव्हा विलायतेत कुणी पुडिंग वाढलं, तर आधी पुढचा शब्द विचारून घ्या. आणि ते गोड निघालं म्हणून शाकाहाऱ्यांनी लगेच हात घालू नये. पारंपरिक ख्रिसमस पुडिंगात गाईबैलांच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी असते. वनस्पतिजन्य चरबीचंही मिळतं, पण ते विचारून घ्यावं.