फोर बाय फोर

सोसायटीत त्यांना नाव आहे, आडनाव आहे, फ्लॅट नंबरही आहे. पण वॉचमनपासून मेन्टेनन्सची पावती फाडणाऱ्या सेक्रेटरींपर्यंत सगळे त्यांना ‘फोर बाय फोर’च म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि त्यांना ते आवडतं. हिंजवडीतल्या एका कंपनीत ते डिलिव्हरी मॅनेजर आहेत. काय डिलिव्हर करतात हे कुणी विचारत नाही आणि तेही सांगत नाहीत. गाडीबद्दल मात्र न विचारता सांगतात.

हा प्राणी सिंहगड रोडच्या प्रत्येक सोसायटीत एकेक सापडतो. वय चाळीस ते पन्नास. रविवारी सकाळी दूध आणायला जातानाही सहा खिशांची पँट, त्यातल्या एका खिशात टायरची हवा मोजायचं यंत्र, दुसऱ्यात टॉर्च. बाकीचे चार खिसे हौसेचे. चालताना दोन्ही हात अंगापासून थोडे लांब, जणू बाजूने आरसे बसवलेत आणि ते घासायला नकोत.

२ ऑक्टोबर २०२० ला नवी थार बाजारात आली. तिची पहिली गाडी लिलावात १ कोटी ११ लाखांना गेली होती आणि ते पैसे कोविडच्या मदतकार्याला दिले गेले. बातमी वाचून आमच्या फोर बाय फोरांनी घरात जाहीर केलं, की तीच गाडी आपल्याला सोळा लाखांत मिळतेय, म्हणजे सरळसरळ पंचाण्णव लाखांचा फायदा. वहिनी बँकेत आहेत. त्यांनी फक्त कर्जाचा फॉर्म पुढे केला.

मग वेटिंग. महिन्यांमागून महिने गेले. या काळात लोक देवाचं नाव घेतात, यांनी माहितीपत्रक पाठ केलं. जमिनीपासून उंची २२६ मिलिमीटर, पाण्यातून जायची मर्यादा ६५० मिलिमीटर, एकूण लांबी ३९८५. गाडी यायच्या आधीच मुलाची शाळेतली पट्टी घेऊन ते सोसायटीचे स्पीडब्रेकर मोजताना दिसले. “आरामात जाईल,” असा निर्वाळा त्यांनी वॉचमनला दिला. त्या स्पीडब्रेकरवरून रोज ॲक्टिव्हा जातात हे वॉचमन बोलला नाही. गरीब माणूस, नोकरी करायची असते.

या गाडीचा खरा उपयोग मला फार उशिरा कळला. ती डोंगर चढायला घेतलेलीच नाही. ती प्रश्न विचारले जावेत म्हणून घेतलेली आहे. पांढऱ्या हॅचबॅकमधल्या माणसाला सिग्नलला कुणी काच खाली करायला लावून काही विचारतं का? यांना विचारतात. पेट्रोल पंपावर, टोलनाक्यावर, लग्नाच्या हॉलबाहेर. एकदा तर स्मशानाबाहेर हलक्या आवाजात कुणीतरी विचारलं, “हार्ड टॉप का?” यांनीही तितक्याच गंभीर चेहऱ्याने मान हलवली.

प्रश्नांत पहिला मान अर्थातच ॲव्हरेजचा. मराठी माणूस चांद्रयान बघायला गेला तरी तेच विचारील. यांचं उत्तर ठरलेलं आहे: “शहरात चौदा. हायवेला सोळाही काढलेत.” हे सांगताना ते समोरच्याकडे न बघता बॉनेटकडे बघतात. मागच्या काचेवर खारदुंग ला खिंडीचं स्टिकर आहे, त्यावर उंची १८,३८० फूट. तिथल्या पाटीवर बरीच वर्षं तोच आकडा होता, पण मोजमापात ती खिंड साडेसतरा हजारांच्या आसपासच भरते. स्टिकर ऑनलाइन मागवलंय. हे लेहला गेले होते विमानाने आणि खिंडीत भाड्याच्या गाडीने, पण त्यांचं आणि त्या पाटीचं कुठेतरी जुळलं असावं.

दुसरा प्रश्न, “मागे कसं बसायचं?” तीन दारांची गाडी, त्यातलं तिसरं दार पाठीवर स्टेपनी घेऊन आडवं उघडतं. म्हणजे मागच्या सीटवर जायचं तर पुढची डावी सीट दुमडायची, पायरीवर पाय ठेवायचा, कंबरेत वाकायचं, मान आत घालायची आणि उरलेलं शरीर नंतर बोलावून घ्यायचं. त्यांच्या आईंनी हा प्रकार एकदाच केला. आत पोचल्यावर म्हणाल्या, “आता मला इथंच डबा आणून देत जा, मी काही परत उतरत नाही.” तेव्हापासून आई पुढे आणि वहिनी मागे. मुलगा मित्राच्या गाडीने येतो.

तिसरा प्रश्न मात्र अपमानाचा: “टू व्हील का फोर व्हील?” जानेवारी २०२३ मध्ये फक्त मागची चाकं ओढणारी थार आली, दीड लिटरच्या डिझेल इंजिनाची. चार मीटरच्या आत लांबी आणि पंधराशे सीसीच्या आत डिझेल इंजिन असलं की कर कमी लागतो, त्यामुळे ती बरीच स्वस्त. दिसायला तशीच. तेव्हापासून यांची झोप उडाली. पार्किंगमध्ये कुणाची थार दिसली की काचेला दोन्ही तळव्यांची झापडं लावून हे आत बघतात. गिअरच्या शेजारी दुसरा छोटा दांडा आहे का? नसला की चेहऱ्यावर समाधान पसरतं. “बिचारा,” म्हणतात.

त्याच वर्षी जूनमध्ये जिम्नी नावाची दुसरी फोर बाय फोर आली, तिला पाच दारं. “छान आहे. बायकांना बरी,” असं हे गॅलरीतून म्हणाले. वहिनी आतून ऐकत होत्या. १५ ऑगस्ट २०२४ ला पाच दारांची थार रॉक्स आली तेव्हा मात्र हे आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. मग एक सिद्धांत घेऊन बाहेर पडले: ती फॅमिलीवाल्यांची गाडी, ही शौकिनांची. ज्यांच्या फॅमिलीला मागच्या सीटवरून बाहेर काढायला हात द्यावा लागतो, त्यांनी हे म्हणावं!

धरणातून मुठा नदीला पाणी सोडलं आणि ते आमच्या पार्किंगपर्यंत आलं, त्या सकाळी सगळे गॅलरीत जमले होते. आज ६५० मिलिमीटर बघायला मिळणार! खाली बघतो तर थारची जागा रिकामी. पहाटे चारलाच हे गाडी घेऊन उंचावरच्या रस्त्याला लावून आले होते. “पाण्यातून काय काय वाहून येतं, सांगता येत नाही,” म्हणाले. पाणी जेमतेम घोट्याएवढं होतं. त्यातून त्या दिवशी पहिला बाहेर पडला तो पेपरवाला, सायकलवर.

चिखलात मात्र ते एकदा खरोखर गेले. मुळशीकडे, भातखाचराच्या कडेला. मागे दोन पाहुणे बसवले होते आणि त्यांना डिफरन्शियल लॉक समजावून सांगता सांगता यांनी गाडी उतरवली. मागची चाकं जागेवर फिरली, चिखल उडाला, गाडी बसली. जवळच्या वस्तीवरून एक जण ट्रॅक्टर घेऊन आला, दोर बांधायला वाकला, दोन्ही पुढची चाकं न्याहाळली आणि म्हणाला, “सायेब, पुढची चाकं लावायची ऱ्हायली का?” दांडा टू-एचवरच होता, म्हणजे जोर फक्त मागच्या चाकांना. तेवढ्यात शेजारून वडापची जुनी कमांडर जीप गेली. आत बारा-तेरा माणसं, टपावर दोन पोती आणि एक सायकल. ड्रायव्हरने वेगही कमी केला नाही.

उलट, कोरड्या डांबरी रस्त्यावर हे हौसेने फोर-एच टाकतात. दोन्ही आस एकमेकांना बांधलेले, त्यामुळे वळणावर गाडी अडल्यासारखी होते, टायर कुरकुरतात. “ताकद बघा,” हे सांगतात. ती ताकद नसते, गाडीची तक्रार असते, पण आपण कशाला बोला.

मे महिन्यात स्टेपनी एकट्याने काढून दाखवताना त्यांच्या पाठीत उसण भरली. जूनमध्ये वहिनींच्या माहेरी, गुहागरकडे, जायचं ठरलेलं होतं. वहिनी म्हणाल्या, “मी चालवते.” मीही बरोबर होतो, मागे. कुंभार्ली घाट त्यांनी न बोलता उतरवला. शेवटी वाडीवर चढणारा जांभ्याचा रस्ता आला: पाऊस झालेला, शेवाळ धरलेलं, एका बाजूला गडगा. वहिनींनी गाडी पूर्ण थांबवली, गिअर न्यूट्रल केला, दुसरा दांडा फोर-एलला टाकला आणि पहिल्या गिअरमध्ये, ॲक्सिलरेटरला जेमतेम स्पर्श करत गाडी वर नेली. एकदाही चाक जागेवर फिरलं नाही.

“तुला कसं माहीत?” यांनी पट्ट्यातली पाठ सावरत विचारलं.

“पुस्तक आहे ना गाडीचं. तुम्ही माहितीपत्रक वाचता, मी ते वाचलं.”

अंगणात वहिनींचे थोरले भाऊ उभे होते. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, टायरला पायाने ठोकून पाहिलं, आणि प्रथेप्रमाणे विचारलं, “ॲव्हरेज काय देते गो?”

हे पुढे होऊन घसा साफ करतच होते. पण वहिनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून वही काढत होत्या. त्या वहीत पंपावरची प्रत्येक पावती चिकटवलेली असते, हे मला त्या दिवशी कळलं आणि यांनाही.

“अकरा,” वहिनी म्हणाल्या. “दहा पॉइंट आठ. पण अकरा म्हण.”